लोणी मी आणलं, कढवलं ताईनं

हर्सूल, शुक्रवार

तीर्थस्वरूप मनकर्णा आत्यास गोकुळचा दंडवत.

पत्राला उशीर झाला हे कबूल. मागं एकदा बसलो तर पेन सापडला नाय. मग सापडला तो घेऊन तलावाकडं गेलो, तिथं एक जण गळ टाकून बसलेला, त्याच्याशी बोलता बोलता अंधार पडला (मासा लागला नाय). फोन का केला नाय म्हणशील, तर मंजुषाताईचं घर एवढुसं, मी हॅलो म्हटलं की ती स्वयंपाकघरातून उत्तर देते, आणि सांगायचंय ते तिच्याबद्दलच. तुझी कंबर कशी आहे? धाकटी म्हैस व्याली का? मोतीराम मामांचा खोकला थांबला का? तुम्ही दोघं नवराबायको सुखरूप आहात असं धरून चालतो, कारण इथं मी सुखरूप नाय.

कृष्णा दाजींची शुगर वाढली. डॉक्टरांनी आहाराच्या मॅडमकडं धाडलं. त्यांनी भाकरी बंद, पोळी बंद, भात बंद, गुळाचं तर नाव नको म्हणून सांगितलं, या सगळ्यात कार्ब असतं म्हणे, त्यानं शुगर चढते. अंडी, पनीर, पालेभाजी खायची आणि लोण्यात परतायची. ताई म्हणाली, एका घरात दोन स्वयंपाक मी करणार नाय. म्हणजे शुगर दाजींची आणि भाकरी माझी बंद. रोज सकाळी मी अंड्याकडं बघतो आणि अंडं माझ्याकडं.

लोणी आणायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात रिकामा मीच (हा शब्द ताईचा. मी रिकामा नसतो, फिरत असतो). आता तुला वाटंल, लोणी म्हणजे लोणी. तुझ्याकडं रवी फिरली की आलं वर. शहरात तसं नाय. पहिल्या दुकानात बटर मागितलं तर त्यानं शेंगदाण्याच्या कुटाची बरणी काढली, वरून साखर घातलेली, आणि म्हणे हेही बटरच. दुसरीकडं डब्यावर गाय काढलेली आणि आत पामतेल. ही गाय इथं काय करतीय, असं विचारलं तर म्हणाला, चित्र आहे. तिसरीकडं पिवळी वडी होती, पण खारट, आणि दाजींचं बीपीही वर. चौथ्यानं 'लाइट' दाखवलं, म्हणजे लोण्यातलं लोणी काढून घेऊन उरलेलं लोण्याच्याच भावात. शेवटी शहागंजातल्या एका डेअरीत घुसलो. तिथल्या चाचांना मी प्रत्येक पाकिटाचं कार्ब विचारत होतो, तर ते गल्ल्यावरनं म्हणाले, “मियाँ, मस्का खाने का है के उसपे पीएचडी करने की?” आणि त्यांनी पांढरी वडी पुढं सरकवली. मीठ नाय, रंग नाय. मागची बारीक अक्षरं उन्हात धरून वाचली, कार्ब शून्य (शाळेत एवढं वाचलं असतं तर बारावी झाली असती). येताना कुठं थांबलो नाय, यावरनं काय ते समज. वडी फ्रिजमध्ये ठेवली आणि जरा टीव्ही सेंटरला चक्कर मारून आलो.

परत येतो तर जिन्यातच वास. ताईनं अख्खी वडी कढईत टाकून कढवलेली, वर विड्याचं पान सोडलेलं. मी म्हटलं, ताई, हे काय केलंस? ती म्हणाली, “पांढरं लोणी घरात आलं. त्याचं काय करतेत?”

तूप झालं, इथवर मी गप्प बसलो असतो. पण खाली बेरी राहिली. ती टाकायची नसते ना आपल्यात. तिच्यात गूळ कालवून तिनं वाटी दाजींच्या हातात दिली, आणि दाजींनी डोळे मिटून खाल्ली. मॅडमनी बेरीचं नाव घेतलं नव्हतं म्हणे. सकाळी शुगरच्या मशीनवर असा आकडा आला की दाजींनी मशीन बनियनला पुसून पुन्हा बघितलं.

आणि दोष कुणाचा? ताई म्हणते, “तू पिवळं आणलं असतंस तर मी कढवलं असतं का?” दाजींनी मान हलवली. आत्या, गूळ तिनं घातला, वाटी त्यांनी चाटली, आणि गुन्हेगार मी! वर ही कढवायची खोड तिला तूच लावलीस. दाजींनी निकाल दिला, सोमवारपासून गोकुळ माझ्याबरोबर चितेगावच्या कंपनीत, हेल्पर म्हणून. आठ तास एका जागी उभं राहायचं. मला, ज्याला न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा बसवत नाय.

मोठ्यांना नमस्कार, म्हशींना वैरण.

तुझा निर्दोष भाचा,
गोकुळ

ता. क. खरं काम हे. पत्र मिळताच ताईला फोन कर आणि सांग की म्हशींकडं बघायला कुणी नाय, गोकुळला ताबडतोब अजिंठ्याला धाड. मी पडंल ते काम करीन. रोज तुझ्या हातची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा, एवढंच दे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दार वाजलं. मोतीराम मामा आलेत, पिशवी घेऊन, न सांगता. चप्पल काढायच्या आधी त्यांनी ताईला विचारलं, भाकरी हाय का. मी तुझ्याकडं निघालोय म्हटलं तर खालीच बसले. “नको जाऊ, बाबा. मंजुषाचा फोन आल्यापासून तुझ्या आत्यानं भाकरी बंद केली, तवा माळ्यावर टाकलाय. लोणी रग्गड हाय, पण लावू कशाला?” तेव्हा आत्या, फोन करू नको. दाजींना विचारलं, चितेगावच्या कँटीनमध्ये भाकरी असते व्हय? असते म्हणाले. मी सोमवारी जातोय. मामाही विचारतेत, तिथं वयाची अट आहे का.