झाकण फुटलेलं निळं मशीन

३ मार्च

चि. भिंगरीस आजीचा आशीर्वाद,

मी अजून आहे. फोन करत नाही, कारण कान गेल्यापासून मी ओरडते आणि अख्खा जिना ऐकतो. म्हणून पेपर टाकणाऱ्याच्या हाती चिठ्ठी. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, हसू नकोस.

गल्लीतली गॅसची नळी फुटून वरच्या मजल्याला आग लागली, ते मी तुला लिहिलं. नातीला लिहिलं, गावाला नव्हे! तू चिठ्ठी उचलून पेपरात ओतलीस. वरची शिवणकामवाली पोरीला घेऊन उतरली, काखेत फक्त झाकण फुटलेलं निळं हातमशीन. गल्ली, मजला, मशीन, सगळं छापलंस. अगं, ते झाकण तिच्या नवऱ्यानंच फोडलं होतं! कोर्टानं त्याला लांब राहायला सांगितलंय, तिचा पत्ता लपवलाय. काल तो कात्रण घेऊन माझ्या दारात. मी म्हटलं, कोण बाई, कुठली बाई. तो हसला आणि समोर न्हाव्याच्या पायरीवर जाऊन बसला. गस्तीचा शिपाई आला की उठतो, गेला की बसतो.

मायलेकी माझ्या मागच्या खोलीत आहेत. पोर शिंक आली तरी उशीत तोंड खुपसते. मीही रात्री दाराला पाटा लावून निजते, पण ते कुणाला सांगू नकोस. छापू तर मुळीच नकोस.

लोभ ठेव, लेखणी आवर.
तुझी आजी

४ मार्च

ती. आजीस सा. न.,

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. तिचं नाव आणि फोटो मी टाळला होता. कायद्यात बसतं म्हणून निर्धास्त होते. गल्लीचं नाव देणं भागच होतं, चाळीस घरांनी शेगडी पेटवू नये म्हणून. पण मशीनशी कुणाला काय करायचं होतं? वाक्य छान जमलं, म्हणून ठेवलं.

नळी अजून गळतेय, उद्या पुन्हा बातमी आहे. संपादकांना त्या धाडसी आईची मुलाखत हवी होती. लोक विचारतात, म्हणाले. मी भांडले. शेवटी ठरलं की गल्ली, धोका, मदतीचा नंबर मोठ्या अक्षरांत. माणूस एकही नाही. पोलीस ठाण्यातही सांगितलंय, माणूस पाठवतो म्हणाले. ती आता कुठे जाणार ते कळव, म्हणजे तिथलं काही माझ्या हातून छापलं जाणार नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी अपराधी भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद,

तुझी अक्षरं चष्म्याशिवाय दिसली. वाचून निम्मी गल्ली बोचकी घेऊन बाहेर, त्यात नळीसाठी रस्ता खोदणारे. भर दुपारी नुसती झुंबड. त्या झुंबडीत मायलेकी निसटल्या, पोरीचे केस कापून, तिला मुलाचा शर्ट घालून. तिच्या नवऱ्यानंही पेपर घेतला. उलटासुलटा चाळला. काही सापडलं नाही, तरी बसलाच आहे. ठाण्यातला माणूस अजून वाटेतच असेल.

मशीन ती माझ्याकडे ठेवून गेली. मला शिवता येत नाही, तुला ठाऊक आहे. तरी दुपारपासून खिडकी उघडी टाकून, कापड न लावता चाक फिरवतेय. आवाज कानी पडला की तो वर बघतो आणि पुन्हा पाय पसरतो. ती इथंच शिवतेय असं वाटतंय त्याला, बसू दे. तेवढ्या त्या लांब जातील. हात थांबला तर मात्र शंका येऊन जिना चढेल.

ती कुठे गेली ते मी विचारलंच नाही. माझी जीभ आणि तुझी लेखणी, दोन्ही मला माहीत आहेत.

आज अक्षर जास्तच वाकडं आलंय. एकाच हातानं लिहितेय, दुसरा चाकावर आहे.

आजी