बारा शब्दांचा उखाणा

धाड, २० जानेवारी २०२६

चि. निशिगंधा हिस वच्छलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

भीतीने मोबाइल ज्वारीच्या कोठीत पुरला आहे, म्हणून हे पत्र जीपवाल्या कचरूच्या हाती.

माझ्या पेन्शनमधून घेतलेल्या बिटकॉइनचे बारा इंग्रजी शब्द पाठ कर, ते ज्याच्याकडे त्याच्या हाती नाणी, असे तूच बजावले होतेस. मास्तरणीला पाठांतराची एकच रीत ठाऊक, चाल लावणे. मी त्यांचा उखाणा केला. काल हळदीकुंकवाला नाव घेण्याचा आग्रह झाला आणि तोंडून निघाले, मँगो लेमन शुगर, विंडोमध्ये टायगर. थेट उकंडरावांच्या नावापर्यंत बाराच्या बारा. टाळ्या पडल्या.

नणंदबाई कौशल्याबाईंना एकदा ऐकून पाठ झाला. म्हणाल्या, वैनी, आता अर्धं धन माह्यं. यांचे निराळेच, की उखान्यात नाव माह्यं, तं माल बी माह्याच. घर, वावर, मोटारसायकल सगळे यांच्याच नावावर. हे एक तरी माझे राहील ना? हसू येते, तरी रात्री उठून कोठी चाचपली.

उत्तर याच जीपने पाठव.

तुझी,
आत्या

बुलढाणा, त्याच दिवशी

ती. सौ. वच्छलाआत्यास निशिगंधाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून पक्षकारासमोरच इतकी हसले, की त्यांना आपल्या वकिलाची काळजी वाटली.

आत्या, शब्द म्हणजे ताबा. मालकी वेगळी. शेजाऱ्याने आपल्या वावरात नांगर घातला म्हणून वावर त्याचे होत नाही. परंतु मग सिद्ध करत बसावे लागते. म्हणून आधी मोबाइल कोठीतून काढा, नवे वॉलेट, म्हणजे नव्या बारा शब्दांची तिजोरी, उघडा आणि सगळी नाणी तिकडे वळवा. जुना उखाणा मग खुशाल गा. नवे शब्द मात्र कागदावर लिहून बंद लिफाफ्यात, बँकेच्या लॉकरमध्ये.

नाण्यांना सातबारा नसतो, तो आपणच उभा करायचा, आणि मला तर यातच मौज वाटते. पेन्शन खात्यातून पैसे गेल्याचा उतारा, तुमच्या नावाच्या खरेदीच्या पावत्या, तिथून जुन्या आणि आता नव्या वॉलेटपर्यंतच्या नोंदी. साखळीची एकही कडी तुटू देऊ नका. प्राप्तिकराच्या विवरणपत्रातही उल्लेख हवा. शेवटी इच्छापत्र. दोन साक्षीदार घ्या, पण ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार करू नका.

आतोबांना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी,
निशिगंधा

धाड, ३० जानेवारी २०२६

चि. निशिगंधा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

नाणी नव्या घरी सुखरूप पोचली. तू सांगितलेले कागद एकाला एक जोडून फाइल केली, तेव्हा शाळेची तपासणी पार पडल्यासारखे वाटले. माझ्यामागे नाणी नात रुपालीला, असे इच्छापत्र केले.

पहिली साक्ष शेजारच्या अन्नपूर्णाबाईंची. दुसरी कौशल्याबाईंकडे मागितली, तर म्हणाल्या, साक्षीदाराले काई भेटत नाई म्हंते, मंग मी काऊन सही करू? चहा ठेवायला गेल्या. एवढ्यात हे बाहेरून आले. या घरात कोणताही कागद निघाला की सही आपलीच, अशी तीस वर्षांची सवय. चष्मा न लावता, न वाचता, ऐटीत ठोकून दिली.

मग चष्मा लावला. दोनदा वाचून विचारले, याच्यात माह्यं नाव कुठी हाय? मी बोट ठेवून दाखवले. सर्वांत खाली, साक्षीदार.

दर सुट्टीला येत जा, तेवढाच लोभ पुरे.
आत्या