सिनेमा बघण्याचा कार्यक्रम

सांगली, रविवार

तीर्थस्वरूप आक्का आणि दाजी यांना धाकट्या आकारामचा कोपरापासून नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, म्हणून पाया पडणं कागदावरच उरकतोय.) आम्ही इकडे खुशाल. दाजींचा खोकला मेढ्याच्या थंडीत वाढला असेलच, काढा बंद करू नये. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुझा फोन आधी आपली पोरगी समीक्षा उचलते, आणि हा मजकूर तिच्या कानी जायचा नाही. आपला सिद्धू उद्या तिकडे येतोय, त्याच्याकडे देतो.

तू काम सांगितलंस की समीक्षासाठी बघितलेल्या जयराजच्या घरच्यांना वाटतंय, पोरांनी सांगलीत एक सिनेमा जोडीनं बघावा, तर तो प्रेमाचा विनोदी सिनेमा आपल्या पोरीला पाठवण्याजोगा आहे का ते बघून ये. आता गंमत बघ. मुलगा बघायला गेलात तेव्हा मला नेलं नाही, इथल्या कुणालाच नेलं नाही. (ऑपरेशन झालं होतं हे कबूल, पण खाटेसकट नेता आलं असतं.) आणि सिनेमा बघायला मात्र मामा! पण माझा होकार आल्याशिवाय सुपारी फोडायची नाही हा शब्द तू पाळलास, याचा मला अभिमान आहे. मुलाच्या फोटोचं पाकीट मी न उघडता परत धाडलं ते रागानं नव्हे. फोटोवरून माणूस ओळखता आला असता तर फौजेत भरतीला छाती कशाला मोजली असती?

असो. मी, तुझी भावजय हरणा आणि सिद्धू असे रीतसर निघालो. तीन तिघाडा काम बिघाडा, म्हणून हरणाने चौथा म्हणून नारळ घेतला. थेटराच्या दारात गार्डाने तो अडवला. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. हरणा म्हणाली, "खाणं न्हाई रं बाबा, चौथा माणूस हाय त्यो." गार्डाने चौथ्या माणसाचं तिकीट मागितलं. शेवटी नारळ त्याच्या टेबलाखाली बसला आणि आम्ही तिघेच आत गेलो. (सिद्धूच्या धोतरातली भडंगाची पिशवी मात्र सापडली नाही. शेवटी आमचाच भाऊ.)

सिनेमाचं म्हणशील तर स्थळ अगदीच हलकं. हिरोचं मूळ गाव कुठलं, भाऊ किती, रान बागायती की जिरायती, याचा शेवटपर्यंत पत्ता नाही. नोकरीवर तो एकदाही गेला नाही, दिवसभर कॉफी पीत बसला होता. एका गाण्यात तर दुसरंच काही पीत होता, तिथे हरणाने मला कोपराने ढोसलं. मुलगी बिचारी परदेशी कामाला निघालेली, तर हा पठ्ठ्या विमानतळावर जाऊन तिला माघारी आणतो. रजा संपवून ड्यूटीवर निघालेल्या जवानाला कुणी असं आडवं आलं असतं तर आम्ही आधी त्यालाच कोठडीत घातलं असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलीला मामाच नाही! लग्नात अंतरपाट धरला तेव्हा तिच्या पाठीशी कोण, तर एक मैत्रीण, तीही फोटो काढण्यात गुंग. हरणा हसून हसून रडली, पण ते पसंतीत धरू नकोस. ती बारशालाही रडते.

आता शेजाऱ्याचं सांगतो. माझ्या बाजूला एक पोरगा आजीला घेऊन बसला होता. माझा पाय अवघडलेला बघून त्याने आपली कडेची खुर्ची मला दिली. आजीला ऐकू कमी, म्हणून तो तिच्या कानात गोष्ट सांगत होता. पडद्यावरची दोघं फारच जवळ आली तेव्हा म्हणाला, "काय न्हाई आज्जे, ती बोलत्यात." मध्यंतरात आजीसाठी चहा आणला, तो आमच्यासाठीही आणला. मी सवयीने चौकशी सुरू केली. मूळ गाव तासगावकडे, राहायला विश्रामबागला, नोकरी आहे, सुपारीसुद्धा खात नाही. आजीला घेऊन असल्या सिनेमाला कसा काय, असं विचारलं, तर लाजत म्हणाला, "आवं, मेढ्याची पोरगी हाय, लगीन ठरतंय. तिला आणायच्या आधी आज्जीला दावतोय, पोरीला अवघडल्यागत व्हायला नगं. तिच्या मामाचा होकार यायचा हाय अजून. सुभेदार हुतं म्हणं, लय कडक. मला तर त्येंचं लय भ्या वाटतंय."

चहाचा घोट मी तसाच तोंडात धरला. तेवढ्यात आजी म्हणाली, "जयराज, माजी चप्पल कुठं गेली बघ." आता शंकेला जागा राहिली नाही. हरणा तोंड उघडणार होती, मी तिचा पदर ओढला. माणूस टप्प्यात आला म्हणून लगेच ओळख द्यायची नसते. उरलेला सिनेमा मी बघितलाच नाही, त्यालाच बघितलं. सुटल्यावर तो आपणहून गार्डाकडे गेला (दारातली भानगड त्याने मागे रांगेतून ऐकली होती), नारळ रुमालाने पुसला आणि दोन्ही हातांनी हरणाला देत म्हणाला, "काकी, तुमचा चौथा माणूस." गार्डाने सिनेमा कसा वाटला म्हणून विचारलं. बघण्याच्या कार्यक्रमात जागेवर निकाल द्यायचा नसतो, म्हणून मी म्हणालो, घरी जाऊन कळवतो.

तर कळवतो. सिनेमा नापसंत. मुलगा पसंत. सुपारी फोडा.

तुझा,
आकाराम

ता. क. समीक्षाला तो सिनेमा खुशाल बघू दे. सिनेमा टाकाऊच आहे, पण तिच्या शेजारी कोण बसणार ते मी बघून आलोय.

ता. क. दुसरा. मला वगळलं म्हणून मी वर एवढं बोललो, पण आता माझंच एक मागणं आहे. साखरपुड्याला मला, हरणाला आणि सिद्धूला बोलावू नकोस. गुडघ्याचं कारण सांग. मामा फार कडक आहे, असंच त्याला सांगत राहा. लग्नात मी पोरीच्या पाठीशी उभा राहीन आणि अंतरपाट खाली येईल तेव्हा तो आधी तिला बघेल, मग मला. त्या वेळचं त्याचं तोंड मला बघायचंय. आक्का, सगळ्या सिनेमात जे नव्हतं ते मला त्या मांडवात बघायचंय.