खिडकीजवळची खुर्ची

रशिदिया निर्वासित छावणी,
रविवार, दुपार

प्रिय नाएल,

रोज फोनवर बोलतो आपण, मग ताईला आज कागद-पेन घेऊन बसायची काय हौस आली, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेमधे बोलतोस, म्हणून. लहानपणीही मला एक वाक्य कधी धड पुरं करू दिलं नाहीस. आज मी बोलणार आणि तू ऐकणार. आई आत झोपली आहे. मधलं दार मी उघडंच ठेवलंय, तिचा श्वास इथे ऐकू येतो. समुद्र खवळलेला आहे, एकही होडी बाहेर पडलेली नाही, त्यामुळे बाजारात मासळी नाही आणि गल्लीतली मांजरं चिडलेली आहेत. अबू राजी दाराबाहेर अँब्युलन्स धुतायत. तिला धुवून काही उपयोग नाही हे त्यांनाही माहीत आहे, पण बिचाऱ्यांना हातावर हात ठेवून बसवत नाही.

दवाखान्याचं तू नेहमी विचारतोस. दवाखाना आहे तिथंच आहे. भिंतीचा निळा रंग पोपडे धरून गळतोय, आणि रांग अजूनही पार भाजीवाल्याच्या टपरीपर्यंत जाते. औषधं मात्र रांगेएवढी येत नाहीत. हृदयाचे डॉक्टर पूर्वी दर आठवड्याला यायचे, आता महिन्यातून एकदा उगवतात. परवा एका म्हातारीला मी नवीन गोळी दिली तर ती उलटसुलट बघून म्हणाली, "गेल्या वर्षी पांढरी होती, या वर्षी पिवळी झाली. पुढच्या वर्षी नुसता कागद चघळायला द्याल, सिस्टर." मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, पॅनाडोल घ्या की! गुडघा दुखला पॅनाडोल, सून भांडली पॅनाडोल, गाव सुटलं पॅनाडोल!" सगळी रांग हसली. मीही हसले. हसल्याशिवाय त्या खिडकीत बसताच येत नाही रे.

विमानं येत होती त्या दिवसांतलं मी तुला फोनवर सगळं सांगितलं नव्हतं. उगीच तुझा जीव टांगणीला कशाला लावायचा. आईला डायलिसिसला सूर शहरातल्या रुग्णालयात न्यावंच लागायचं. विमानं आली म्हणून रक्त काही आपोआप साफ होत नाही. रस्त्यावर दुसरं वाहन नसायचं. अबू राजी दिवे लावून, भोंगा वाजवत, किनाऱ्याच्या रस्त्यानं सुसाट सोडायचे. एकदा पलीकडच्या बागेत बॉम्ब पडला, गाडी हादरली, सलाइनच्या बाटल्या माझ्या डोक्यावर आल्या, आणि आई आडवी पडल्या पडल्या म्हणते कशी, "अबू राजी, जरा बेतानं. बॉम्बनं मरायचं तर मरू, पण तुमच्या खड्ड्यांनी नको." ते चालवताना रडत होते आणि हसतही होते. तिकडे मशीनपाशी वीज जायची, चार तासांचं काम दोन तासांत आटपायचे, पण आईला तिची खुर्ची मिळायची. खिडकीजवळची. तिथून समुद्राचा एक तुकडा दिसतो. शेजारच्या बाईला ती सांगायची, "मी इथे आजारपणाला येत नाही, हवापालटाला येते."

मग लढाई थांबली आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण पुढच्याच हिवाळ्यात मदत देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. छावणीसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या कमी झाल्या. जे आधीपासून मशीनवर आहेत त्यांना कोणी उठवणार नाही, मात्र नव्या माणसानं जागा रिकामी होईपर्यंत थांबायचं, असं ठरलं. डायलिसिसची जागा रिकामी कशी होते, हे तुला सांगायला नको.

लमीस तुला आठवते का? बालवाडीत शिकवणारी, फिरासची बायको. आपल्या आईच्याच हातावर जन्मलेली. तशी अर्धी छावणीच आईच्या हातावर जन्मली म्हणा. सुईण म्हणून तिनं उभा जन्म याच गल्ल्यांत घालवला. लमीसला गरोदरपणात रक्तदाब चढला, मुलगी सुखरूप झाली, पण हिची दोन्ही मूत्रपिंडं बसली. थांबणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. तोवर जिथे मशीन मोकळं सापडेल तिथे आम्ही तिला पाठवायचो, कधी सैदा, कधी त्याच्याही पुढे. कधी कुठेच नाही. त्या दिवसांत तिचे पाय भोपळ्यासारखे सुजायचे, आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच बाळाला पाजायची. त्यांच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. फिरास तिला पाठीवर घेऊन उतरायचा. मी घरी तपासायला जायची तेव्हा तिची सासू माझ्याशी धड बोलायची नाही. एक दिवस ती बोलली. म्हणाली, "तुमच्या घरात खुर्ची आहे ना सिस्टर, मग तुम्हाला कसली घाई!" मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि घरी आले. आईला यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

सांगायची गरजच नव्हती. आपल्याकडे एका घरी कांदा चिरला तर तिसऱ्या घरात डोळ्यांना पाणी येतं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर आई काठी टेकत टेकत लमीसकडे जाऊन आली. तो जिना चढली कशी, देव जाणे. बाळाला मांडीवर घेऊन बसली होती म्हणे बराच वेळ. संध्याकाळी मी विचारलं, तर एवढंच म्हणाली, "पोरीचे कान तिच्या आजीसारखे आहेत." आणि जेवायला बसली.

पुढची पाळी सोमवारी होती. अबू राजींचा भोंगा वाजला. मी आईची शाल घेऊन उभी. ती गादीवरून हलली नाही. म्हणाली, "विसाल, मला एक संत्रं सोलून दे." नाएल, चहूकडे संत्र्यांच्या बागा असलेल्या या छावणीत आपल्या आईनं कित्येक वर्षांत संत्र्याची फोड तोंडात घातली नव्हती. बंदी होती. त्यातल्या क्षारांनी हृदय बंद पडू शकतं, हे मीच तिला समजावलं होतं, पहिल्या दिवशी, याच गादीवर बसून. मी सोलून देईना, तेव्हा तिनं स्वतःच सोललं. सालं ओच्यात टाकत, एकेक फोड चोखत, सबंध संत्रं खाल्लं. हनुवटीवरून रस ओघळला तो ओढणीनं पुसला. मग म्हणाली, "आता फिरासला फोन कर. म्हणावं, गाडी उभी आहे, बायकोला घेऊन उतर."

मी भांडले. तुला माहीत आहे मी कशी भांडते. शेजारी दारात जमा झाले. मी म्हटलं, आई, असं कोणी करतं का, मी नर्स आहे, माझ्या डोळ्यांदेखत मी हे होऊ देऊ? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं ओरडून? आता हळू बोल, लोकांना फुकटचा तमाशा नको. आणि हे बघ, मी गेल्यावर मला शहीद करू नकोस. भिंतींवर शहिदांच्या पोस्टरांना आधीच जागा नाही, आणि माझा एकही फोटो बरा नाही." मी रडायला लागले तशी तिनं मला जवळ ओढलं. म्हणाली, "तू सांगत सुटशील की आईनं पोरीसाठी केलं. थोडं पोरीसाठी, थोडं माझ्यासाठी. दमले गं मी. एक दिवस मशीनवर, एक दिवस मशीनच्या थकव्यात, आणि मधल्या वेळात पाणी मोजून प्यायचं. लमीसला अजून मुलगी वाढवायची आहे. मी माझी वाढवली, ती बघ कशी आईवर ओरडते."

आपल्या दवाखान्याचे डॉक्टर आले. मला बाहेर घालवून तिच्याशी एकटेच बोलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, सोबत आणखी एका डॉक्टरांना घेऊन. दोघांनी सांगितलं, डोकं ठिकाणावर आहे, कोणाचं दडपण नाही, परिणाम पूर्ण ठाऊक आहे. जाताना आपले डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "सिस्टर, कधीही मन बदललं तर मला सांगा, मी धावपळ करीन. पण निर्णय त्यांचा आहे."

फिरासला फोन मीच केला. मनात काय होतं ते तुझ्यापासून काय लपवू? मी लमीसचा तिरस्कार करत होते. त्या पोरीनं कोणाचं काही घेतलं नव्हतं, तरी करत होते. पहिल्या दिवशी तिच्यासोबत मलाच जावं लागलं. ती त्या खिडकीजवळच्या खुर्चीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी इथे कशी बसू?" मी तिला मिठी मारायला हवी होती, काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पाय वर घे." एवढंच. परतीच्या वाटेवर तिचा चेहरा उतरलेला होता, पण ओठांचा निळेपणा गेला होता. ते मी पाहिलं. नर्स आहे ना, नजर जातेच.

त्यानंतर आई मनासारखं खाते-पिते. भरलेला पेला पाण्याचा, खजूर, आणि रोज एक संत्रं. गल्लीतल्या बायका येतात, बसतात, लग्नांच्या आणि भांडणांच्या गप्पा मारतात, तो विषय कोणी काढत नाही. लमीसची सासू मकलूबाचं ताट घेऊन आली आणि उंबऱ्यावरच थिजली. तिला आत यायला होईना आणि परत जायलाही होईना. आतून आईचा आवाज, "आत या बाई, दारात उभं राहून भात गार करू नका." ती आली आणि आईच्या पायाशी बसून हुंदके देऊन रडली. आई तिला थोपटत म्हणाली, "मीठ जास्त झालंय वाटतं, आता डोळ्यांतलं नका घालू." आता खाणंही कमी झालंय. अंगाला खाज सुटते, मी जैतुनाचं तेल चोळते. श्वास लागला की डॉक्टरांनी ठेवलेलं औषध देते, मग तिला गुंगी येते. दुखू मात्र देत नाही मी. तेवढं आपल्या दवाखान्याला अजून जमतं. काल तू विचारलंस, आई कुठे आहे, तेव्हा मी झोपली आहे म्हटलं, ते खोटं नव्हतं. त्याआधी "मशीनवरून आली, दमली आहे" म्हणायची, ते खोटं होतं.

तुला सांगायचं नाही, असं तिनं मला बजावलं. म्हणाली, "तो आला आणि समोर उभा राहिला, तर मी उठून त्या खुर्चीत जाऊन बसेन. माझं मला माहीत आहे. त्याला नाही म्हणायला मला कधी जमलंय?" खरं आहे ते. घरात आपल्याला झोपायला जागा नव्हती तेव्हा तू गच्चीवर कबुतरं पाळलीस, आणि ती दाणे निवडत बसायची.

फोन माझ्या हाताशीच आहे, नाएल. आत्ता लावला तर उद्या तू बेरूतला उतरशील, परवा आई अँब्युलन्समध्ये असेल, आणि लमीसला फिरास पुन्हा पाठीवर घेऊन कुठेतरी मशीन शोधत फिरेल. म्हणून मी फोन न करता पत्र लिहिलं. अबू राजींची मुलगी तुमच्या बर्लिनला परत जाईल तेव्हा तिच्याबरोबर देईन. ती निघेपर्यंत काय होईल याचा मला अंदाज आहे, माझं कामच ते. तेव्हा मी तुला फोन करीनच, पण फक्त आई गेली एवढंच माझ्याच्यानं सांगवेल; बाकीचं हे इथे आहे. तिनं शब्द घेतला होता, पण तो पाळायचं मी ठरवलं, तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धर, तिच्यावर नको. आणि तिचं तुझा निरोप घ्यायचं राहिलं असं मात्र समजू नकोस. शुक्रवारी तू व्हिडिओवर बोललास ना, त्या दिवशी सकाळीच तिनं माझ्याकडून केस धुऊन घेतले, भरतकामाचा झगा घातला, काजळ घातलं. सुजलेले पाय दिसू नयेत म्हणून फोन कसा धरायचा ते मला दोनदा शिकवलं. तू घरमालकाच्या तक्रारी सांगत होतास आणि ती तुला स्वयंपाकघर दाखव, खिडकी दाखव, खाली वाकून भांग दाखव, असं करत होती, आणि तू वैतागून म्हणालास, "आई, काय चाललंय तुझं?" ती खूप हसली. तू फोन ठेवल्यावर तिनं झग्याच्या बाहीनं काजळ पुसलं, उशीला टेकली, आणि मला म्हणाली, "झालं. पोटभर बघून घेतलं."

तुझीच ताई,
विसाल