पपईच्या कुंडीत अकरा रोपं

ती. बाबांना,
रागावलेल्या लेकीचा नमस्कार.

‘सगळं मजेत’ असं लिहिलंत. मग सोबतच्या फोटोत पपईच्या एकाच कुंडीत अकरा रोपं कशी? बोटभर झाली की एक ठेवून बाकीची कात्रीनं कापणारे तुम्ही! लहानपणी मी रडले तरी ऐकायचा नाहीत. कमळाच्या बिया घातलेल्या ग्लासातलं पाणीही हिरवं झालंय. ते तर तुम्ही रोज चहाच्या आधी बदलता.

म्हणून आईला खोदून खोदून विचारलं. महिनाभर उजवा हात उचलत नाही म्हणे! आणि मला सांगता, बसमध्ये लिहिलं म्हणून अक्षर वाकडं? थापा मारायच्या तर निदान फोटो तरी पाठवू नये माणसानं. आईवर चिडू नका, मीच तिला शपथ मोडायला लावली.

मी बरी आहे. तुम्ही दिलेलं कमळाचं बी घासून पाण्यात घातलं होतं, त्याला पान फुटलंय. खरं तर हे सांगणारच नव्हते.

उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. कात्रीला हात लावू नका. शनिवारी येतेय. रोपं मी कापीन, तुम्ही शेजारी बसून माझ्या चुका काढा.

तुमच्यावरच गेलेली,
लेक