अखाजीच्या दुपारी मोजलेली विहीर

मी, चिंतामण वामन देशकर, वय एकाहत्तर, मोजणी खात्यातून निवृत्त, राहणार बालाघाट, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि खालील मजकूर मला कोणी पढवलेला नाही. म्हाताऱ्याला आवाज ऐकू येतात, असे चिरंजीव म्हणतील. येतात. तेही पुढे लिहिले आहे.

कलम १. घर माझ्या मागे पत्नी सौ. प्रेमलता हिचे, तिच्यानंतर चिरंजीव माणिक याचे. माणिक भिलाईला कारखान्यात असतो व माझ्या मराठी पत्रांना हिंदीत उत्तरे देतो. वर मजला चढवून भाडेकरू ठेवण्याचा त्याचा बेत आहे. कलम ४ वाचल्याशिवाय त्याने विटा मागवू नयेत.

कलम २. पोस्टातील शिल्लक प्रेमलताची. तिने ती माझ्या तेरवीच्या जेवणावळीत उडवू नये. जे जेवायला येतील त्यांपैकी निम्मे मला ओळखूनही रस्ता बदलत होते.

कलम ३. मोजणीची साखळी व होकायंत्र शाळेला द्यावे. ओळंब्याची दोरी मात्र माझ्याबरोबर चितेवर ठेवावी. त्या दोरीने मी एक खोटे मोजमाप केले आहे.

सन १९६५ मध्ये आमच्या वॉर्डाची सभा भरली. नळ नुकतेच आले होते. ठेकेदार दुलीचंद यांचे म्हणणे होते की शहर वाढते आहे, जुनी विहीर बुजवून तिथे प्लॉट पाडावेत, नाहीतरी तिच्यात डासच होतात. तरुण मंडळी त्यांच्या बाजूची. शेजारच्या रुख्माबाई एकट्या उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “नळ कोणीतरी सोडा लागते, भाऊ. विहिरीले कोणाले इचारा नाही लागत.” लोक हसले. मीही हसलो. शेवटी ठरले की देशकर मोजतील, पाणी कमी निघाले तर विहीर बुजवायची.

मी मोजली ती अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी. त्या दिवशी घरोघर पितरांच्या नावाने नवी घागर भरतात, आणि सगळा वॉर्ड त्याच विहिरीवर लोटतो. दुपारपर्यंत पाणी तळाला जाते, दुसऱ्या सकाळी झरे ते पुन्हा चढवतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, मला ठाऊक नव्हते असे नाही. मी दोरी सोडली, दोन हात पाणी निघाले, आणि कागदावर लिहिले: विहीर आटली आहे. कोपऱ्याचा प्लॉट मला मिळेल, असे दुलीचंदांनी आदल्या दिवशी सांगितले होते. हे वाक्य मी नऊ वर्षांत आज प्रथम लिहितो आहे.

तिसऱ्या उन्हाळ्यात घरे दुप्पट झाली होती आणि टाकी तीच. नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हते. रुख्माबाईंची सून सीता, वय बावीस, दोन घागरी घेऊन वैनगंगेवर गेली. डोहाच्या काठावर तिचा पाय घसरला. तिला बाहेर काढले तेव्हा मी तिथे होतो. मी मान वर केली नाही.

दुलीचंदांवरचा राग मी कोणाच्या नावे करत नाही. त्यांनी कागद मागितला, लिहिला मी.

कलम ४. कोपऱ्याचा प्लॉट मला मिळाला, आणि माझी बैठकीची खोली त्याच बुजवलेल्या विहिरीवर आहे. भर वैशाखात तिची फरशी ओली असते. दुपारी सगळे सामसूम झाले की खालून घागर बुडाल्याचा आवाज येतो, एकामागून एक, सबंध वॉर्ड पाणी भरत असावा तसा. शेवटच्या दोन घागरी मी ओळखतो. प्रेमलताने आपली खाट ओसरीत नेली आहे. मला भीती वाटते. तरी माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत ही खोली पाडावी, विहीर उपसावी व सर्वांना खुली करावी. माणिकने हे न केल्यास घरावर त्याचा हक्क नाही.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. रुख्माबाई उंबरठ्याबाहेरच बसल्या. कलम ४ त्यांनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, “तुमी मराची वाट काहून पाहाची, भाऊ? तहान तं आमाले आताच लागली हाये.”

नऊ वर्षे जिवंत असताना जे केले नाही ते मी मुलाच्या गळ्यात बांधत होतो.

सबब कलम ४ रद्द. पहिली फरशी उद्या सकाळी मी स्वतः काढीन. सुखराम गवंड्याला निरोप गेला आहे. काम चालू असताना मी गेलो, तर प्रेत ओसरीत ठेवावे व खोदणे थांबवू नये.

सही: चिंतामण वामन देशकर
बालाघाट, ता. ३ जून १९७४

साक्षीदार:
१. मोतीलाल बिसेन, निवृत्त कारकून (सही)
२. रुख्माबाई (डाव्या हाताचा अंगठा. कागदात सीताचे नाव कुठे आहे ते त्यांनी विचारले. दाखवल्यावर त्याच्या शेजारीच अंगठा उठवला.)