डिझेलच्या नळीतली हवा

८ नोव्हेंबर १९५९, रविवार

हरलो. काशीरामच्या त्या डिझेलच्या धुडापुढे माझं पेट्रोल इंजिन हरलं! सगळा कोळीवाडा बघत होता.

पनवेलच्या खाडीतून करंजा आणि परत. दोन्ही होड्यांवर सारख्याच रिकाम्या टोपल्या, दोन्ही टाक्या काठोकाठ. जाताना होड्या हलक्या होत्या, तेव्हा टाकलंच की मी त्याला मागे! परतताना वर माल, समोरून ओहोटीचं पाणी — माझं इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. त्याचं धूड ठक ठक करत, चाल न मोडता पुढे निघून गेलं. बंदरावर टाक्यांत काठी बुडवून मोजलं. मला सव्वाचार गॅलन लागलं, त्याला दोन. काशीराम म्हणतो, "आनंदा, तुजं इंजिन लॉरीचं हाय. त्याला रस्ता लागतो रं!" सगळे हसले. जगनदादासुद्धा! सख्खा भाऊ!

लष्कराच्या लिलावातून ते इंजिन मी आणलं. गॅरेजची नोकरी सांभाळून तीन महिने खपलो तेव्हा बाबांच्या होडीत बसलं. आहे कुणाला आठवण?

१५ नोव्हेंबर

दादानं आमच्या होडीत डिझेल बसवलं. मला विचारलंसुद्धा नाही. माझं इंजिन अंगणात पडलंय. त्यावर कोंबड्या बसतात.

२४ नोव्हेंबर

दादाचं डिझेल सुरू होईना! हँडल मारून मारून खांदे गेले त्याचे. भरती निघून गेली, होडी चिखलात. बरं झालं! मला बोलावणं आलं, गेलो नाही. पेट्रोलवाल्याचं काय काम तिथं?

२९ नोव्हेंबर

आठवड्यात तिसऱ्यांदा बंद. मुंबईहून डिझेलचा मिस्त्री आला, नळीचे स्क्रू सैल करून हवा काढली, लगेच सुरू. म्हणाला, तेल तुटलं की नळीत हवा शिरते, मग डिझेल पेटत नाही. पण टाकी तर अर्धी भरलेली होती!

मग दादा सरळ गॅरेजात. गिऱ्हाइकांसमोर! "नलीत हवा तूच भरतोस. तुला बघवत नाय." मी पाना फेकला. भिंतीवर — पण फेकला. बापाच्या होडीची मी वाट लावीन?

४ डिसेंबर

चोर पकडायलाच गेलो होतो आज. संध्याकाळी दुसऱ्या होडीआड बसलो. दादा टोपल्या घेऊन उतरला. बाबा मागे राहिले, इंजिन चालूच. बाबांनी वाकून तेलाचा कॉक, टाकीखालची तोटी, बंद केला. नळीतलं संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत तिथंच बसून राहिले.

पेट्रोल असंच बंद करायचं, नळीत थेंब ठेवायचा नाही, भडका उडतो. हे बाबांना मीच शिकवलं. चार वर्षं रोज बजावलं! डिझेलला तेच चालत नाही, हे सांगायचं कुणी? घरातला मिस्त्री मीच. रुसून बसलो होतो हरामखोर!

जाऊन सांगितलं, "बाबा, ह्याचा कॉक उघडा ठेवायचा." म्हणाले, "बरं बरं."

५ डिसेंबर

बाबांनी कॉक पुन्हा बंद केला. विसरले. त्यांना आता काहीच लक्षात राहत नाही. त्यांच्यावर ओरडलो आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

६ डिसेंबर, रविवार

दिवसभर होडीत होतो. नळीतली हवा काढली, तेलाचा कॉक उघडा ठेवून त्याची मूठच काढून टाकली. तिथंच शेजारी फळीवर गॅरेजातला एक पितळी कॉक ठोकला, त्यातून तार काढून इंजिन थांबवायच्या खटक्याला जोडली. आता बाबांनी तो फिरवला की इंजिन थांबेल, तेल तुटणार नाही. बाबांना तीन वेळा फिरवायला लावला. जमलं!

घरी आलो तर दादा बाबांच्या तोंडावर सांगतोय — "आनंदा नसंल तर तूच करतोस. उद्यापासून तू होडीवर नाय." बाबांनी ताट सरकवलं. साठ वर्षं पाण्यावर काढली त्या माणसानं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दादाला म्हटलं, बाहेर चल.

७ डिसेंबर

काल बाहेर नेऊन दादाला सांगितलं, हवा मीच भरत होतो. त्यानं थोबाडीत मारली, घरात पाऊल टाकू नको म्हणाला. गॅरेजात लिहितोय. बाबा सकाळच्या भरतीला होडीवर गेले.